सत्त्याऐंशी अंशांची मूठ

हॅकेट काउंटीतल्या टॅनरी रन या आमच्या गावी, डेल्बर्ट हॉस्टेटरच्या परसातल्या अवजारांच्या खोलीखाली, मे महिन्याच्या अखेरीस एका ग्राउंडहॉगने रीतसर बिऱ्हाड थाटलं. ग्राउंडहॉग म्हणजे घुशीची सुखवस्तू मावशी समजा. मांजराहून जाड, पोटाने थोर, आणि सकाळी आठ ते दहा व संध्याकाळी पाच ते सात अशा ठरल्या वेळी दुसऱ्याच्या बागेत हजर होणारा प्राणी. त्याच्या बिळाच्या तोंडापासून बरोबर बत्तीस पावलांवर डेल्बर्टची बायको आर्लीन हिने घेवडा लावला होता.

हा घेवडा बाजारातला नव्हता. आर्लीनच्या पणजीने तो लग्न होऊन येताना माहेरून एप्रनच्या खिशात घालून आणला होता, आणि तेव्हापासून तो आईकडून मुलीकडे येत राहिला. दाणा अर्धा तांबडा, अर्धा पांढरा. दुसऱ्या कुणाकडे तो नव्हता, कारण आर्लीनच्या माहेरची माणसं सूप वाडगाभर वाढतील पण बी चिमूटभर देणार नाहीत अशी होती. मागल्या वर्षी सगळं पीक याच प्राण्याच्या कुणा भाऊबंदाने खाल्लं आणि डब्यात सेहेचाळीस दाणे उरले. बी फार जुनं झालं की रुजत नाही. म्हणून यंदा तिने सेहेचाळीसही पेरले. एक्केचाळीस उगवले. हे गेले की वाण संपला, इतका साधा हिशेब होता.

मी रस्त्यापलीकडे राहतो. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली, आता निवृत्त आहे. दुसऱ्याच्या परसात काय चाललंय ते पाहायचे मला कुणी पैसे देत नाही, तरी मी पाहतो.

"डेल्बर्ट, कुंपण घाल," आर्लीन म्हणाली. "कोंबड्यांची जाळी आण, चार खांब ठोक. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

डेल्बर्ट आज्ञाधारक नवरा. तो ग्रामकार्यालयात गेला. तिथे त्याला कळलं, की जमिनीत रोवलेल्या खांबांना जोडलेली कोणतीही वस्तू हे बांधकाम असतं, आणि बांधकामाला परवाना लागतो. नकाशा तीन प्रतींत. शंभर फुटांच्या आतल्या सर्व जमीनमालकांची लेखी संमती. माझी मी तिथल्या तिथे दिली. दुसऱ्या बाजूला मात्र चर्चची दफनभूमी आहे. तिथल्या रहिवाशांची हरकत नसावी, पण त्यांच्या वतीने सही करणारं विश्वस्त मंडळ वर्षातून एकदा, ऑक्टोबरात भेटतं.

"ऑक्टोबर?" आर्लीन म्हणाली. "तोवर तो मेला खाऊन, झोपून, उठून परत खाईल!"

"घाबरू नकोस," डेल्बर्ट म्हणाला. "माझ्याकडे रायफल आहे. तिला कुणाची संमती लागत नाही."

हे खरं होतं. सहा वर्षांपूर्वी अशा अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी येणार अशी आवई उठली, तेव्हा आमच्या गावाने एका आठवड्यात दुकान रिकामं केलं. बंदी आली नाही, रायफली मात्र घराघरांत येऊन बसल्या. डेल्बर्टची कपाटात कोटांच्या मागे उभी होती. एकदा चाप ओढला की एक गोळी, पुन्हा ओढला की पुन्हा, मधे काही करावं लागत नाही. आजवर तिने सोयाबीनच्या तेलाचे अकरा डबे मारले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता डेल्बर्ट मागच्या ओसरीत बसला. मी सोबतीला, हातात कॉफी. आठ वाजून चार मिनिटांनी ग्राउंडहॉग बाहेर आला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि पुढचे दोन्ही पंजे पोटावर ठेवून भाषण देणाऱ्या पुढाऱ्यासारखा आमच्याकडे पाहत राहिला. बत्तीस पावलं! मी हातातला कप फेकून मारला असता तरी लागला असता. डेल्बर्टने रायफल खांद्याला लावली, श्वास रोखला.

"हिच्यावर दुर्बीण नाही?" मागून आवाज आला.

बोलणारा ड्वेन पिकेट. गावातलं बंदुकीचं दुकान त्याचं. आर्लीनच्या हातचा केक खायला आला होता. त्याने हे अशा सुरात विचारलं, की जणू डेल्बर्ट नुसत्या बनियनवर लग्नाला निघाला होता.

डेल्बर्टने रायफल खाली घेतली. "इतक्या जवळून कशाला लागते दुर्बीण?"

"लागते असं कोण म्हणतंय? पण असते. आजकाल सगळ्यांकडे असते. तू आपला आजोबांच्या काळातला, बसलायस नळीच्या टोकावरची खुंटी बघत." ड्वेन हळहळला. "नाही, मार ना. मार बाबा. तुझी रायफल आहे."

आता सांगा, एवढं ऐकल्यावर कोण मारेल? ग्राउंडहॉग दोन वेल खाऊन सावकाश घरी गेला. एकोणचाळीस राहिले.

दुर्बीण आली ती चोवीसपटीची. ड्वेन म्हणाला, याहून कमी पटीची मी दुकानात ठेवतच नाही, माझी इज्जत जाते. तिने मैलावरच्या चर्चच्या कळसावरची चिमणी दिसायची, तिच्या चोचीतली काडी दिसायची. बत्तीस पावलांवरचा ग्राउंडहॉग मात्र तिच्यात मावेना. डेल्बर्टला नुसते तपकिरी केस दिसायचे. हे केस पोटाचे की पाठीचे की परसातल्या पायपुसण्याचे, हे कळायला मार्ग नव्हता. शिवाय नाकापेक्षा मोती जड. वर दुर्बीण, खाली तिची चौकट, त्याखाली पट्टी, आणि डेल्बर्ट एकसष्ट वर्षांचा. नळी झोपाळ्यासारखी हलू लागली.

"दुर्बीण काढून टाक," आर्लीन म्हणाली. ती वाकून खाल्लेल्या वेलींची बुडं बघत होती. "सव्वीस उरलेत, डेल्बर्ट. सव्वीस."

"काढून कसं चालेल? पैसे का झाडाला लागतात?" डेल्बर्ट म्हणाला. "हात हलतो एवढंच आहे. ड्वेन म्हणतो, पुढे एक मूठ लावली की झालं."

पुढची मूठ म्हणजे नळीखाली लावायचा एक दांडा. डाव्या हाताने धरायचा, की रायफल स्थिर. दुकानात दोन प्रकारच्या होत्या, तिरकी आणि सरळ. तिरकी बारा डॉलरने स्वस्त. डेल्बर्टने सरळ घेतली, कारण तिरकी लावून सरळ माणसासमोर उभं राहायला लाज वाटते असं ड्वेनचं मत होतं.

मूठ बसवली. हात स्थिर झाला. डेल्बर्ट आनंदाने आरशासमोर उभा राहिला. आर्लीनने त्याचा फोटो काढावा म्हणून त्याने तिला बागेतून हाक मारून बोलावलं, तो फोटो त्याने गावाच्या सार्वजनिक पानावर टाकला, आणि तिसऱ्या दिवशी शस्त्रोपांग पडताळणी कक्षाचे निरीक्षक लाइल ओव्हरबी दारात उभे राहिले. हातात फाइल, खिशात कोनमापक.

ओव्हरबी साहेब अत्यंत सभ्य गृहस्थ. पाय पुसून आत आले. "मिस्टर हॉस्टेटर, तुमच्या रायफलीबद्दल कक्षाची काहीच तक्रार नाही. गोळ्या, नळी, चाप, सगळं नियमात आहे. तिने माणूस मरतो, पण ते कायद्याला ठाऊक आहे. प्रश्न मुठीचा आहे."

"मुठीने कोण मरतं?" डेल्बर्टने विचारलं.

"कुणीच नाही. पण सरळ मुठीमुळे रायफल 'दर्शनी गंभीर' या वर्गात जाते. दिसायला गंभीर. तिरकी असती तर 'क्रीडोपयोगी'. साठ अंशांपर्यंत क्रीडा, नव्वद अंशांना गंभीर. बघू जरा."

त्यांनी कोनमापक लावला. चष्मा पुसला, पुन्हा लावला. त्यांचा चेहरा पडला.

"सत्त्याऐंशी," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय! साठ नाही आणि नव्वदही नाही. कोष्टकात मधला रकानाच नाही." त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. "हे वर पाठवावं लागेल."

"अहो, मी मूठ काढूनच टाकतो ना!" डेल्बर्ट स्क्रूड्रायव्हर शोधू लागला.

"थांबा, थांबा! आता रायफलीची नोंद मुठीसकट झालीय. मूठ काढून गोळी झाडलीत तर नोंदीशी विसंगत शस्त्राचा वापर होतो. तो गुन्हा आहे. मूठ ठेवून झाडलीत तर अनिर्णित शस्त्राचा वापर होतो. तोही गुन्हाच, पण हलका." ओव्हरबींनी फाइल बंद केली. "निर्णय येईस्तोवर रायफल आणि मूठ वेगवेगळ्या छपराखाली ठेवा. अर्जात प्रयोजन लिहा."

प्रयोजनाच्या रकान्यात डेल्बर्टने लिहिलं: घेवड्याचं रक्षण. अर्जासोबत घेवड्याचा फोटो, बिळाचा नकाशा आणि ग्राउंडहॉगचं वर्णन जोडलं. फाइलमध्ये त्याचं नाव 'लक्ष्य प्राणी क्रमांक एक' असं पडलं. मूठ माझ्या घरी आली. दर सोमवारी मला एका कागदावर सही करावी लागे, की मूठ माझ्या ताब्यात असून या आठवड्यात मी तिचा दुरुपयोग केलेला नाही.

जुलै गेला. लक्ष्य प्राणी क्रमांक एक वेळेवर येत होता, वेळेवर जात होता. हॉस्टेटरांच्या घरी मात्र जत्रा लोटली. गावातला प्रत्येक पुरुष मूठ बघायला माझ्याकडे आणि मग उरलेली रायफल बघायला डेल्बर्टकडे येऊ लागला. दुर्बीण किती पटीची, काच कुठली, वजन किती भरलं, सत्त्याऐंशी अंश येतातच कसे! चर्चेला ऊत आला. एकाने अंगावर घालायचं खिशांचं जाकीट आणून दिलं, एकाने पानाफुलांच्या छापाची पँट. डेल्बर्ट आपल्याच परसात, आपल्याच खुर्चीत, झुडूप होऊन बसू लागला. पाहुण्यांना कॉफी आर्लीन देत होती. मीही रोज जात होतो, खोटं कशाला बोलू? निवृत्त माणसाला इतकी मजा वर्षानुवर्षं मिळत नाही.

ऑगस्टच्या मध्याला तीन वेल उरले. आर्लीनने कुणाला न विचारता धुण्याच्या तीन जुन्या टोपल्या घेतल्या, त्यांचे तळ कापले, आणि प्रत्येक वेलाच्या बुडाशी एकेक उलटी घालून वर वीट ठेवली. वेल टोपलीतून वर काठीवर चढलेला, बूड सुरक्षित. चार दिवस एक पानही गेलं नाही. ग्राउंडहॉग टोपल्यांभोवती फिरून फिरून दमला. आर्लीन अडीच महिन्यांत पहिल्यांदा हसली.

पाचव्या दिवशी ग्रामकार्यालयाचा माणूस आला. त्याने टेपने मोजलं आणि खेदाने सांगितलं, की एका ओळीत तीन अडथळे म्हणजे कुंपण. दोनही कुंपणच. एक टोपली मात्र नुसती टोपली. त्याने दोन टोपल्या उचलून गाडीत ठेवल्या आणि पावती दिली. ती सकाळची वेळ होती. संध्याकाळी सातला एकच वेल उरला.

त्या एका वेलावर नऊ शेंगा होत्या. भरत आल्या होत्या, वाळायला अजून महिनाभर हवा होता. शेंगेत पाच दाणे धरले तरी पंचेचाळीस. म्हणजे पुढल्या मे महिन्यात आर्लीन जिथून निघाली होती तिथे पुन्हा उभी राहिली असती. तिला एवढंच हवं होतं. सकाळ संध्याकाळ ती त्या टोपलीपाशी पाटावर बसून भोपळे चिरायची, मटार सोलायची, पण जागची हलायची नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी ओव्हरबी साहेब आले, चेहऱ्यावर दिवाळी घेऊन. "अभिनंदन, मिस्टर हॉस्टेटर! वरून नवा रकाना मंजूर झाला. एकसष्ट ते एकोणनव्वद, 'मध्यम गंभीर'. राज्यातली पहिली नोंद तुमची. फक्त प्रयोजनाची प्रत्यक्ष पाहणी राहिलीय."

बातमी फुटायला वेळ लागला नाही. अर्ध्या तासात परसात तीस माणसं जमली. ड्वेनने घडीच्या खुर्च्या आणल्या. मी मूठ आणली, रुमालात गुंडाळून, दोन्ही हातांत धरून. ओव्हरबींच्या देखरेखीखाली ती रायफलीला जोडली गेली तेव्हा कुणीतरी टोपी काढली.

ओव्हरबी घेवड्यापाशी गेले आणि थबकले. "ही टोपली कसली?"

"माझी," आर्लीन म्हणाली.

"बाई, अर्जात लिहिलंय की घेवड्याला प्राण्यापासून धोका आहे. इथे तर धोका दिसत नाही. घेवडा टोपलीने सुरक्षित आहे. टोपलीने भागत असेल तर शस्त्राचं प्रयोजन उरत नाही, आणि प्रयोजन नाही तर मंजुरी नाही."

तीस माणसांनी टोपलीकडे पाहिलं. आयुष्यात कुणी टोपलीकडे इतक्या रागाने पाहिलं नसेल.

"मग?" डेल्बर्टने विचारलं.

"टोपली काढा. प्राणी आला आणि त्याने हल्ला केला, की धोका सिद्ध. मी तिथल्या तिथे शिक्का मारतो."

"आणि शिक्का मारल्यावर हा गोळी घालणार," आर्लीन म्हणाली. "आधी नाही."

"आधी कशी घालतील? आधी मंजुरी नसते."

आर्लीन टोपलीवर हात ठेवून उभी राहिली. "डेल्बर्ट, नऊ शेंगा आहेत. दोन आठवडे. माझ्या आईने मरताना दागिने नाही दिले मला, हा डबा दिला. हात लावू नकोस."

"अगं, एका मिनिटाचा प्रश्न आहे," डेल्बर्ट अगदी काकुळतीला आला. "तो आला, एक घास घेतला, की शिक्का, की संपला! तीन महिने घातलेत मी यात. आता एवढी सगळी माणसं जमलीत. तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं?"

"माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी!"

"ऐक त्याचं, आर्लीन," ड्वेन खुर्चीतून म्हणाला. "राज्यातली पहिली नोंद आहे." आणि मग सगळेच बोलू लागले. मी काय म्हणालो ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "बघ बाई, तुला पटेल ते. पण नियमाप्रमाणे झालेलं बरं."

तिने हात काढला. टोपली डेल्बर्टने उचलली.

पाच वाजून दोन मिनिटांनी लक्ष्य प्राणी क्रमांक एक बाहेर आला. तीस माणसं पाहून क्षणभर गोंधळला, पण त्यातलं कुणीच काही करत नाही हा त्याचा तीन महिन्यांचा अनुभव होता. तो घेवड्यापाशी गेला. बुडाशी एकच दात मारला, वेल काठीवरून खाली ओढला, आणि बसून एकेक शेंग खाऊ लागला. डेल्बर्टने रायफल लावली. दुर्बिणीत तपकिरी केस. मूठ घट्ट, हात स्थिर.

"शिक्का!" तो ओरडला. "साहेब, शिक्का मारा!"

"एक मिनिट," ओव्हरबी म्हणाले. "वेळ लिहितोय. हल्ल्याची तीव्रता लिहितोय. शेंगा किती होत्या म्हणालात?"

"नऊ," आर्लीन म्हणाली.

"नऊ. छान. पूर्ण नुकसान." शिक्का बसला. सही झाली. ओव्हरबींनी वर पाहिलं तेव्हा परसात वेलाची काठी तेवढी उभी होती आणि बिळाच्या तोंडाशी थोडी धूळ उडत होती. "धोका निर्विवाद सिद्ध! अशी स्वच्छ केस मी नोकरीत पाहिली नाही."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. डेल्बर्टचे डोळे पाणावले. ड्वेनने मंजुरीपत्राला चौकट करून देण्याचं कबूल केलं.

डेल्बर्टने त्या रायफलीतून त्यानंतर एकही गोळी झाडलेली नाही. प्रयोजनाखेरीज वापर करायला मनाई आहे, आणि प्रयोजन संपलं. शिवाय झाडली की नळी काळी होते. रायफल बैठकीत काचेच्या कपाटात आहे, मंजुरीपत्र वर भिंतीवर. दुसऱ्या काउंटीतूनही लोक बघायला येतात. कुंपणाचा परवाना ऑक्टोबरात आला, विश्वस्तांच्या एकमताने.

परवाना आला त्या दिवशी आर्लीन बागेतल्या काठ्या उपटत होती. मी मदतीला गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "डेल्बर्ट खूश आहे. त्या चोवीसपटीच्या दुर्बिणीवर आता रात्रीची काच बसवणार म्हणे?"

तिने काठ्या खाली ठेवल्या.

"क्लेटन," ती म्हणाली, "चार महिन्यांत या घरात किती माणसं आली असतील? दीडशे? सगळ्यांना मी कॉफी दिली. दुर्बीण किती पटीची, सगळ्यांनी विचारलं. मूठ किती अंशांची, विचारलं. वजन विचारलं, काच विचारली, पट्टीचे स्क्रू किती तेसुद्धा एकाने विचारलं. माझ्या घेवड्याचं नाव काय, हे एकाने तरी विचारलं?"

मी विचारलं, "त्याला नाव होतं?"

"चार पिढ्यांचं होतं."

"काय होतं?"

"आता कशाला?" ती म्हणाली, आणि काठ्या उचलून अवजारांच्या खोलीकडे गेली.

घरी येऊन मी हे सगळं लिहायला बसलो, निदान कुठेतरी ते नाव राहावं म्हणून. पण नाव मला ठाऊक नाही, आणि पुन्हा विचारायची माझी छाती नाही. तुम्ही इथवर आलात. दुर्बीण किती पटीची, मूठ किती अंशांची, आता तुम्हालाही पाठ असेल. खरं सांगा, वाचताना एकदा तरी तुमच्या मनात आलं होतं का, की त्या घेवड्याला म्हणत काय होते?